पाऊण इंच

आमच्या पद्मिनीत जिप्सीचं इंजिन बसवायचं ठरलं, तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "बसव. पण चालवायला लागलास की पहिल्यांदा शेजारी मी बसणार."

मूळ 1089 सीसीचं इंजिन तीनदा बोअर करून झालं होतं. लायनर टाकून ते आणखी चाललं असतं. पण खरं सांगायचं तर मला ते चालवायचंच नव्हतं. घाटात मागून ट्रकवाले हॉर्न मारतात याचा मला कंटाळा आला होता.

जिप्सीचं 1298 सीसीचं इंजिन घेण्यामागे कारण होतं. ते गाडीत लांबीच्या दिशेनं बसतं, पद्मिनीसारखंच. शिवाय जिप्सीचा गिअरबॉक्स आणि फोर-व्हीलचा ट्रान्सफर केस एकमेकांपासून सुटे असतात. ट्रान्सफर केस काढून ठेवायचा, नवा प्रोपेलर शाफ्ट बनवून घ्यायचा आणि मागची चाकं फिरवायची. कागदावर सगळं सोपं. (खऱ्या कागदांचं, म्हणजे आरटीओची परवानगी आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52, ते प्रकरण वेगळं. ते अजून चालू आहे, त्यामुळे गाडी आमच्या शेताच्या वाटेपलीकडे गेलेली नाही.)

कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिन बसलं आणि अडलं. पद्मिनीच्या स्टीअरिंग बॉक्सचा पिटमन आर्म एका बाजूला, आयडलर आर्म दुसऱ्या बाजूला आणि त्यांना जोडणारा मधला रॉड गाडीखालून आडवा जातो. तिथून दोन बाजूंचे टाय रॉड चाकांकडे. नव्या इंजिनाचा सम्प बरोबर या मधल्या रॉडच्या वाटेत आला. आईकडून कणकेचा गोळा आणला, सम्पला चिकटवला आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. रॉडनं कणीक पार चिरून काढली.

इंजिन वर घेतलं, तर बॉनेट बसेना.

मिस्त्री म्हणाले, "दादा, दोन्ही आर्म गॅसवर लाल करतो आन् पाऊण इंच खाली वाकवतो. रॉड आपोआप खाली येतोय. काय हुत न्हाई." चाळीस वर्षं गाड्या खोलणारा माणूस. मी मान हलवली. त्यांना विचारायचे प्रश्न मला ठाऊक होते, पण इंजिन सुरू झालेलं ऐकायची घाई जास्त होती. हा दोष मिस्त्रींचा नाही, माझा.

गाडी टेम्पोवरून शेतावर आणली. अप्पा ठरल्याप्रमाणे शेजारी बसले. सपाट वाटेवर गाडी मस्त पळाली. पाटाच्या कडेनं जाताना उसाच्या बैलगाडीनं पाडलेल्या चाकोरीत डावं चाक आदळलं आणि स्टीअरिंग न फिरवता गाडी पाण्याकडे वळली. अप्पांनी हात घालून चाक ओढलं. गाडी थांबली तेव्हा पाटाची कड आणि टायर यांच्यात वीतभर जागा होती.

"ही तुझ्या हातात नाही," अप्पा म्हणाले आणि उतरून चालत घरी गेले.

कारण भूमितीत होतं. खड्ड्यात चाक वर-खाली होतं, तेव्हा विशबोनची टोकं एका कमानीत फिरतात. टाय रॉडचं टोकही जवळपास तशाच कमानीत फिरावं अशा बेतानं त्याच्या आतल्या टोकाची उंची कारखान्यात ठरवलेली असते. आम्ही ते टोक पाऊण इंच खाली नेलं आणि दोन कमानींचं जमेना. मग धक्का बसला की रॉड चाकाला स्वतःच वळवतो. याला बंप स्टीअर म्हणतात. पुढची स्प्रिंग काढून, चाकाला सरळ पट्टी बांधून जॅकनं मोजलं. चाक पाच सेंटीमीटर वर गेलं की पट्टीचं टोक सहा मिलिमीटर सरकत होतं. वेगात हे किती होतं, ते पाटानं दाखवलं होतं.

आर्म सोडवून मिस्त्रींकडे नेले. केरोसीन लावून, पुसून, वर खडूची पूड लावली. थोड्या वेळानं आयडलर आर्मच्या वाकावर केसासारखी ओली रेघ उमटली. मिस्त्री बराच वेळ ती बघत होते. मग त्यांनी शेजारच्या पोराकडून चहा मागवला आणि माझ्यासाठीच कप भरला, स्वतः घेतला नाही.

तापवलेल्या फोर्जिंगची ताकद जाते हे त्यांनाही माहीत होतं. दोघांनाही माहीत असून कुणी बोललं नव्हतं, यानं मला जास्त अस्वस्थ केलं.

शेवटी सम्प कापला. जिथं रॉड जातो तिथला भाग उथळ केला, बाजूला रुंदी वाढवली, म्हणजे तेल पूर्वीइतकंच राहील. तेल ओढणारी जाळी नव्या तळाला धरून बसवली. वेल्डिंग तीनदा गळलं, चौथ्यांदा टिकलं. आर्म आणि मधला रॉड मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुने नव्हे, न वापरलेले, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेले आणले. त्यांना हात लावला नाही. पुन्हा कणकेचा गोळा लावला, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं. गोळा जसाच्या तसा.

दुसऱ्यांदा त्याच चाकोरीतून गेलो तेव्हा अप्पा शेजारीच होते. गाडी सरळ राहिली. ते काहीच बोलले नाहीत. घर आल्यावर मात्र खाली बोट दाखवून म्हणाले, "गिअर स्टीअरिंगवरून काढून जमिनीवर नेलास, ते मला आवडलेलं नाही."