काठिण्याचे माप

धारच्या लाट मशिदीच्या आवारात लोखंडी लाटेचे तीन तुकडे आडवे ठेवलेले आहेत. धार-देवासच्या जुन्या मराठी घरांतील मुलांनी ते एकदा तरी पाहिलेले असतात. आमचे आजोळ धारचे. उन्हाळ्याच्या सुटीत देवासहून निघायचे, इंदूरला बस बदलायची आणि दुपारपर्यंत आजीच्या वाड्यात पोहोचायचे, हा आमचा नेम होता. संध्याकाळी बाबा आम्हां भावंडांना लाट दाखवायला नेत. तिच्या अंगावर जागोजागी गोल भोके आहेत. त्यांत बोट घालून खोली अजमावणे हा आमचा खेळ असे.

बाबा देवासच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तेथे गिअर आणि शाफ्ट तयार होत. त्यांचे काठिण्य मोजणे हे बाबांचे काम. एकदा ताईने लाटेच्या भोकाकडे बोट दाखवून विचारले, "बाबा, ही तुमच्यासारखीच तपासणी का?" बाबा हसले. "एवढा खळगा पडला असता, तर मी हे लोखंड तिथल्या तिथे नापास केले असते," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितले, की एवढी जड वस्तू भट्टीजवळ घडवताना फिरवता यावी, म्हणून पहारी अडकवण्यासाठी ही भोके केली असावीत, असे जाणकार मानतात.

तिन्ही तुकडे जोडले तर लांबी 13 मीटरांच्या वर जाते. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ जेमतेम 7 मीटरांचा. परंपरा ही लाट भोजराजाची मानते. दिलावरखानाने 1405 मध्ये मशीद बांधली, तिला लाटेवरूनच नाव पडले. पुढे गुजरातच्या बहादुरशहाने लाट घेऊन जाण्याचा घाट घातला, तेव्हा ती उतरवताना कोसळून मोडली, असे जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. आम्हांला नवल वाटे ते याचे, की लोखंडही मोडते. बाबा म्हणत, "कठीण असणे निराळे आणि न मोडणे निराळे. काच कठीणच असते."

काठिण्य मोजण्याची रीत आम्ही बाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली, की ती पाठ झाली. पूर्वी लोहार विळ्याला पाणी दिल्यावर कानस लावून पाही. कानस घसरली की काम साधले. पण कानशीने अंदाज कळे, आकडा हाती येत नसे. स्वीडनच्या ब्रिनेल यांनी 1900 मध्ये आकडा देणारी युक्ती मांडली : पोलादाची 10 मिलिमीटर व्यासाची गोळी 3000 किलोच्या भाराने धातूवर दाबायची आणि उमटलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा. खळगा लहान, तेवढा धातू कठीण. पुढे अमेरिकेत रॉकवेल आडनावाच्या दोघांनी खळग्याच्या खोलीवरून थेट तबकडीवर आकडा दाखवणारे यंत्र काढले. बाबांचे यंत्र तेच. नमुना ऐरणीवर ठेवायचा, चाक फिरवून हिऱ्याच्या टोकाला टेकवायचा, आधी 10 किलोचा भार द्यायचा, काटा जुळवायचा, मग तरफ सोडून भार 150 किलोंवर न्यायचा. क्षणभर थांबून तरफ मागे घ्यायची आणि आकडा वाचायचा. कठीण पोलादाच्या या मापात एक अंक म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले दोन भाग.

हा हिशेब आमच्या घराला महाग पडला. 1978 च्या पावसाळ्यात भट्टीची वीज वारंवार गेली आणि गिअरांचा एक मोठा लॉट कच्चा राहिला. आकडा हवा होता किमान 58. बाबांच्या यंत्रावर 52 येत होता. माल त्याच आठवड्यात रवाना व्हायचा होता. वरिष्ठांनी सांगितले, 58 लिहा. बाबांनी दुसरा नमुना घेतला, तिसरा घेतला, यंत्र प्रमाण ठोकळ्यावर पडताळून पाहिले आणि 52 लिहिले. सहा अंकांचा फरक; खोलीत मोजला तर मिलिमीटरच्या हजार भागांतले बारा भाग. माणसाचा केस त्याहून कितीतरी जाड असतो.

महिनाभरात बाबांची बदली गोदामात झाली. ओव्हरटाइम गेला, बढती गेली. ताईला इंदूरला राहून विज्ञान शिकायचे होते, ते राहिले. तिने देवासलाच बी.ए. केले. आई एकदाच बोलली : "अहो, तुमचे बारा भाग आमच्या पोरीला फार खोल गेले." बाबांनी उत्तर दिले नाही.

त्यानंतर बाबा घरात निबर झाले, असे आम्हांला वाटे. इतर बाबतींत ते पूर्वीचेच होते. नातवंडांत रमत, गणेशोत्सवात झांजा वाजवत. पण त्या लॉटचा विषय निघाला, की चेहरा दगडासारखा होई. आणि आम्ही तो विषय काढतच राहिलो. सणावारी, लग्नाच्या बैठकीत, ताईच्या माहेरपणात कोणी ना कोणी विचारीच : एक आकडा लिहिला असता तर काय आकाश कोसळले असते? प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा कठीण भासत. हाच त्यांचा स्वभाव, असे आम्ही ठरवून टाकले.

आमच्यातला धाकटा पुढे पीथमपूरच्या एका प्रयोगशाळेत लागला. तेथे पहिल्याच आठवड्यात त्याला एक नियम शिकवला गेला : एक खळगा पडला, की दुसरी चाचणी त्याच्या शेजारी घ्यायची नाही, दोन खळग्यांच्या मध्यांत व्यासाच्या निदान तिप्पट अंतर ठेवायचे. कारण दाबला गेलेला धातू खळग्याभोवती आवळून अधिक कठीण होतो. तेथे मोजले तर आकडा चढा येतो आणि तो त्या धातूचा खरा आकडा नसतो. धाकट्याने हे आम्हांला सहज सांगितले. ऐकून आम्ही हसलोही. बाबांशी त्याचा संबंध आमच्यापैकी कोणी जोडला नाही.

बाबा गेल्यावर त्यांचे कपाट आवरताना जुन्या धोतरात गुंडाळलेला पोलादाचा एक लहानसा गोल ठोकळा निघाला. यंत्र बरोबर आहे ना, हे पडताळण्याचा तो प्रमाण ठोकळा होता. असे ठोकळे एकाच बाजूने वापरतात. ती बाजू खळग्यांनी भरली, की ते भंगारात जातात. त्याच्यासोबत कारखान्याचा पिवळा पडलेला गेटपास होता : भंगार, एक नग. निवृत्तीच्या दिवशी भंगाराचा तुकडा घरी आणतानाही त्यांनी रीतसर पास करून घेतला होता.

ठोकळ्यावर शेकडो टिंबे होती, सारख्या अंतरावर, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. एकही टिंब दुसऱ्याला खेटून नव्हते. धाकटा बराच वेळ ते पाहत राहिला. मग म्हणाला, "आपण बाबांना कायम खळग्याशेजारीच मोजले."

कोणी काही बोलले नाही. आम्ही ज्याला त्यांचा स्वभाव म्हणत होतो, तो एका जागी बसलेल्या दाबाचा परिणाम होता. आणि पुन्हा पुन्हा दाब देणारे आम्हीच होतो. त्या निर्णयाने ताईचे काय गेले हे त्यांना कळत नव्हते, असे आम्ही धरून चाललो. कळत नसते, तर ती जागा इतकी आवळली नसती.

लाटेचे लोखंड घडीव आहे, त्यात कार्बन कमी. असे लोखंड ब्रिनेलच्या मापावर साधारण शंभराच्या आसपास भरते; बाबांच्या गिअरांपुढे ते मऊच. तरी शतकानुशतकांचा पाऊस झेलून ते टिकले आहे. काठिण्य हा धातूचा एक गुण. त्यावरून सगळा धातू कळतो असे नाही. हे बाबांनी आम्हांला लाटेपाशीच सांगितले होते.

वाटणीत ठोकळा कोणी मागितला नाही. निघताना ताईने तो पदराने पुसला, टिंबांवरून बोट फिरवले. "हा माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. गेटपासही तिने मागून घेतला.