परवाची मटकी

साठाव्या वर्षी रक्तातील साखरेचा आकडा मर्यादेबाहेर गेल्याचे डॉक्टरांनी निदर्शनास आणले, तेव्हा मी मोठ्या आवेशाने दूध, तूप आणि अंडी घरातून हद्दपार करून यापुढे केवळ वनस्पतिजन्य आहारच घेईन असा संकल्प सोडला. परंतु संकल्पाचा अंमल सुरू होतो न होतो तोच, उभी हयात दप्तरात घालवलेल्या माझ्यातील कारकुनाने त्या नियमातील पळवाटा हुडकून काढल्या. साबुदाणा कंदाचा, बटाटा जमिनीतला, शेव बेसनाची, तेल शेंगदाण्याचे! तीन महिन्यांनी आकडा पुन्हा तपासला, तो आणखी वर चढलेला.

"काय काय सोडलंत ते गावभर सांगत फिरता," सौभाग्यवती म्हणाली, "काल रात्री भिजत काय घातलंत, ते सांगा की!"

त्या एका प्रश्नाने माझ्या व्रताचा सारा जमाखर्च उघडा पडला. त्याच रात्री मूठभर मटकी निवडून मी पाण्यात घातली. पहिल्या खेपेस पाणी पुरते न निथळताच फडके बांधले, तेव्हा दाणे बुळबुळीत होऊन आंबले. दुसऱ्या खेपेस मात्र पुरचुंडी उलगडताच प्रत्येक दाण्याच्या कुशीतून पांढरा, किंचित वाकडा अंकुर डोकावताना दिसला. उन्हाळ्यात एका रात्रीत उगवणारे हे मोड पौषाच्या थंडीत दोन दिवसांची मुदत मागून घेतात, आणि त्यात कोणाची शिफारस चालत नाही.

दाण्यातील लोह आणि जस्त फायटिक आम्लाच्या कुलपात बंद असते; मोड येताना दाणा आपल्या रोपासाठी ते कुलूप सैल करतो, आणि त्या उघड्या कोठारात आपण हात घालतो. उसळीवर पिळलेले लिंबू ते लोह अंगी लावून घ्यायला साहाय्य करते, आणि ज्वारीत उणे असलेले लायसिन मटकी भरून काढते. ही नावे ठाऊक नसतानाही ज्यांनी भाकरी, उसळ, लिंबाची फोड आणि जवसाची चटणी एका ताटात मांडली, त्यांच्या तारतम्यापुढे माझा आवेश अगदीच पोरकट ठरला.

व्रताचे शब्द राखून त्याचा हेतू गमावण्याचे भय थोरांनाही चुकलेले नाही. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध वर्ज्य केले. पुढे दीर्घ आजारात, व्रत घेताना गाय व म्हैसच मनात होती या आधारावर, त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि शब्द टिकला तरी आत्मा दुखावला ही खंत आत्मकथेत निःसंकोच नमूद केली. मी मात्र निसर्गाच्या हिशेबातील एक तूट मुकाट्याने मान्य केली आहे: ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींकडून भरवशाने मिळत नाही, म्हणून त्याची गोळी मी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतो, आणि त्यात व्रतभंग मानीत नाही.

आता आहारात काय वर्ज्य आहे, याची यादी मी कोणाला ऐकवीत नाही. साठी उलटलेल्या माणसाने उद्याचा भरवसा धरू नये, असे म्हणतात. मी मात्र दिवा मालवण्यापूर्वी ओट्याशी जातो आणि परवाची मटकी भिजत घालतो.