गुलमोहर गेला कुठं?

गेले तीन आठवडे माझं डोकं ठिकाणावर नाही. घरचे हे आधीपासूनच म्हणत होते, आता मलाही पटलंय. पहाटे साडेपाचला उठून बावन्न वर्षांची बाई इंदूरच्या तुकोगंजात भिंती बघत हिंडते, कुणाच्या फाटकाची सावली वीतभर सरकावी म्हणून वीस-वीस मिनिटं ताटकळते, दूधवाला विचारतो काही हरवलंय का, आणि ती सांगते, हो, रंग!

झालं असं, की भाच्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात घातला. पहिल्याच दिवशी मी साउथ तुकोगंजात नाथ मंदिराकडच्या रस्त्याला गेले. एका बंगल्यातला गुलमोहर असा पेटला होता, की पानं शोधावी लागत होती. उन्हामुळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही कळत नव्हतं, तरी चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन बघते तर गुलमोहर गायब! खोड आहे, फांद्या आहेत, वर तारेवर कावळासुद्धा आहे, पण फुलं नाहीत. नुसता राखाडी पाला, शिळ्या खिचडीसारखा.

भाच्याला फोन केला. तो हसतच सुटला. “मावशी, तो मोनोक्रोमवर राहिलाय. डायल फिरव.”

मी नाही फिरवला. कारण तोवर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. लाल आणि हिरवा, हे डोळ्यांना एकमेकांच्या उरावर बसलेले दिसतात, मग कॅमेऱ्याला ते जुळे भाऊ कसे वाटले? उत्तर सापडलं आणि मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. रंग काढून घेतला की मागे उरतो तो फक्त उजेड, किती लख्ख आणि किती मंद एवढंच. गुलमोहराची फुलं आणि त्याची पानं यांच्याकडून येणारा उजेड जवळपास सारखा, म्हणून दोघांची राख एकाच रंगाची! म्हणजे जन्मभर मी त्या झाडाकडे बघत आले आणि त्यातला उजेड मला कधी दिसलाच नव्हता.

कॅमेऱ्याच्या मेनूत मोनोक्रोमच्या पुढे फिल्टर होते. पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा. पूर्वी भिंगापुढे खरीच रंगीत काच लावायचे, आता बटणावर काम भागतं. काच आपल्या रंगाचा उजेड सोडते आणि बाकीचा अडवते, बस्स, एवढंच गणित. दुसऱ्या दिवशी लाल फिल्टर लावून त्याच झाडाखाली उभी राहिले. अगं बाई! फुलं चुन्यासारखी पांढरी, पानं काळीभोर, आणि मागचं निळं आकाश भर सकाळी अमावास्येकडे झुकलेलं.

मग काय, दिसेल त्याला लाल फिल्टर. ओसरीवर आई लसूण सोलत बसली होती, तिचाही काढला आणि कौतुकानं दाखवला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मऊ झालेल्या, त्वचा उजळलेली, मला तर फार आवडला. तिनं चष्मा लावून पाहिला. एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “माझं कुंकू का गं पुसलंस?”

खरंच कपाळ मोकळं होतं. लाल काचेनं कुंकवाचा लाल उजेड असा भरभरून आत सोडला, की तो गोऱ्या कपाळात विरून गेला. आत बाबा पेपर वाचत बसलेले, आणि इथे मी आईच्या हातात असला फोटो ठेवलेला. माझे हातपाय गार. घाईघाईनं हिरवा फिल्टर लावला, तिथेच दुसरा काढला. कुंकू परतलं, तेही कसं, रुपयाएवढं, काळं, ठसठशीत. आई जरा सैलावली. “हं. पण हे बुक्क्यासारखं दिसतंय.”

बुक्का! मी धावत जाऊन माळ्यावरचा जुना अल्बम काढला. आजीच्या लग्नाचा फोटो. लहानपणी मला खात्रीच होती की आजी माळकरी असणार, कपाळावर एवढा काळा बुक्का म्हणजे दुसरं काय! तर ते कुंकूच होतं. पूर्वीच्या पुष्कळशा फिल्मला लाल रंग कळायचाच नाही, म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता यायचं. जिथे लाल तिथे काळं. घराघरांतल्या अल्बमांत आपल्या आज्या, पणज्या काळं कुंकू लावून बसल्यात आणि आपल्याला कधी प्रश्न पडला नाही.

या नादात मी लाला दीनदयाळांपर्यंत पोचले. आमच्या इंदूरचे! म्हणजे मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, रुडकीला शिकलेले, पण नोकरी इंदुरात, बांधकाम खात्यात. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात धरला तो हौस म्हणून. पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले ती गोष्ट सगळे सांगतात. मला अप्रूप त्या आधीच्या नोकरदार माणसाचं. त्यांच्या चित्रांत आकाश बहुधा कोरं पांढरं असतं. आता मला ठाऊक आहे का ते. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या उजेडालाच भुलायच्या, आकाश टिपता टिपता जळून जायचं. मग त्यांनी दगड टिपला. खांब, जाळ्या, कमानीच्या आतला अंधार. परवा इथल्या कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्यांवर संध्याकाळचं तिरकं ऊन आलं आणि कोरीव दगडाची प्रत्येक कड वर उठली, तेव्हा रंगाची आठवणसुद्धा झाली नाही.

(रंगाशिवायचं राजवैभव बघायचं तर छायाचित्रकार मॅन रेनं १९३० च्या आसपास काढलेले आमच्या यशवंतराव होळकरांचे आणि संयोगिताराणींचे फोटो शोधून बघा. राजाराणी पोरांसारखे हसताहेत. ते बघितल्यावर दरबारी तैलचित्रं मला पुठ्ठ्याची वाटायला लागली.)

माझा आतापर्यंतचा सगळ्यात लाडका फोटो मात्र पोह्यांचा आहे. इंदुरात पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवतात. रोज खाते, पण ती वाफ मी पाहिलीच नव्हती, कारण पिवळेधमक पोहे, लाल डाळिंबदाणे, हिरवी कोथिंबीर, सगळी नजर तेच खाऊन टाकायचे. त्या दिवशी ऊन पोह्यांच्या गाडीच्या मागून येत होतं, पलीकडची भिंत सावलीत. विक्रेत्यानं झाकण उचललं आणि काळ्या भिंतीवर पांढरी वाफ जटेसारखी उलगडत गेली, तिच्यात त्याचा हात आणि जीरावन मसाल्याची डबी. “आंटीजी, खाओगे या फोटू ही खेंचोगे?” दोन्ही, भिया!

फसतेही रोज. पांढऱ्या धोतरातले एक आजोबा टिपले तर धोतर मळकं आलं. कॅमेऱ्याला वाटतं जग सरासरी मधल्या राखाडीचं आहे, म्हणून पांढऱ्यालाही तो ओढून तिथेच आणतो. छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या पाडल्या होत्या, त्यातली पाचवी म्हणजे ही मधली राखाडी. धोतर सातवी-आठवीवर हवं, तर उजेड आपण हातानं वाढवायचा. आता मी कढीतही पायऱ्या बघते. चौथी, फोडणी पडल्यावर दुसरी.

काल रात्री कॅमेरा चार्जिंगला लावत होते. आई नऊवारी हातात घेऊन आली. जरीचा काठ तिनं दिव्याखाली तिरका धरला.

“ही चमकेल का तुझ्या त्याच्यात? उद्या लवकर उठवीन म्हणते तुला. आणि आधी तो हिरवा लावलायस का, मला दाखव.”