कळलावीची पानं पिवळी होईपर्यंत

पोलादपूरच्या बाजूला पहिला पाऊस जमिनीत मुरला की वईतून, गडग्याच्या दगडांमधून, वरकसाच्या बांधावरून कळलावीचे कोंब वर येतात. तेव्हा कुणाचं लक्षही जात नाही. माणसं राबात आणि लावणीत अडकलेली असतात. श्रावणात फुलं लागली की मग आंबेनळी घाटाच्या वळणावर गाडीतली माणसंसुद्धा माना वळवतात. मला मात्र फुलाआधीची वेल जास्त आवडते. तिच्या पानाचं टोक निमुळतं होत जातं आणि शेवटी बारीक गुंडाळी वळतं. करवंदीची काटकी, निर्गुडीची फांदी, कुंपणाची तार, जे हाती लागेल त्याला ते विळखा घालतं. या वेलीला वेगळे ताणे नाहीत, पानच ताणा होतं. बोट आडवं धरून बघावं, पानाची पकड किती नाजूक आणि किती पक्की आहे ते कळतं.

माझी आजी या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणायची. आमच्याकडे गौर तेरड्याची. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर ती घरात यायची, मग आजी तेरड्याच्या जुडीला साडी नेसवायची आणि दोन्ही बाजूंनी कळलावीची फुलं खोवायची. एरवी हीच वेल घरात आणायची नाही, आणली तर भांडणं लागतात, असा गावाचा दंडक. त्या तीन दिवसांपुरता तो उठायचा. फुलं आणायला मी आजीबरोबर वईकडे जायची. ती फुलाचा देठ नखाने खुडायची आणि वेल तिथल्या तिथे सोडून द्यायची. आम्ही पोरी अख्खी वेल ओढायला गेलो की म्हणायची, “बाय, पाला राहू दे. खालचा कांदा त्याच्यावर जगतो.” मग ओढ्यावर नेऊन हात चोळून चोळून धुवायला लावायची.

पुढे शिकताना कळलं, की आजीचं हे वाक्य हॉलंडमधला ट्युलिपवाला माळीही म्हणेल. ट्युलिपचं फूल गळालं की त्याची पानं कापायची नसतात. ती पिवळी पडेपर्यंत उन्हातून अन्न करतात आणि खालचा कंद पुढच्या वर्षासाठी भरतात. हिरवी पानं कापली तर पुढच्या वसंतात नुसती पानं येतात, फूल येत नाही.

या सारखेपणापलीकडे कळलावी आणि ट्युलिप यांचं नातंही आहे. लिनिअसने १७५३ साली कळलावीला ग्लोरिओसा सुपर्बा हे नाव दिलं. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्यात लिलीच्या एकाच कुळात केवढा गोतावळा होता! कळलावी त्यात होती, शतावरी होती, कोळकांदा होता, आणि पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही जिची भाजी करतो ती कुळीसुद्धा. नंतर अभ्यासकांनी हे एकत्र कुटुंब मोडलं. कुळी, शतावरी, कोळकांदा दूर गेले. कळलावीला वेगळं कूळ मिळालं, पण गण लिलीचाच राहिला आणि ट्युलिपही त्याच गणातलं. कळलावीच्या स्वतःच्या कुळातलं सुरंजान काश्मीरात बर्फ वितळताना फुलतं. पाकळ्या सहा, पुंकेसर सहा, बीजकोशाचे कप्पे तीन, हा हिशेब ट्युलिपचाही आणि कळलावीचाही.

रानटी ट्युलिपचं माहेर तिएनशान आणि पामीरच्या कोरड्या डोंगरांत. त्यातली क्लुसिआना ही नाजूक जात पश्चिम हिमालयापर्यंत आलेली आहे. तिला ज्याचं नाव मिळालं तो वनस्पतींचा अभ्यासक क्लुसिअस १५९३ साली हॉलंडमधल्या लायडनला गेला आणि तिथल्या बागेत त्याने ट्युलिप रुजवले. श्रीनगरला दल सरोवराच्या वर जे ताटवे बघायला आपली माणसं जातात, ते बागेत पैदास केलेल्या वाणांचे. मीही गेले होते. रंग डोळ्यांत मावेना. तरी मन रानातल्या फुलाकडेच ओढ घेत होतं, वईत जागा मिळेल तिथून वर येणाऱ्या. ट्युलिपला फुलण्याआधी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, ती महाडला कुठून आणणार? आपली कळलावी थंडी मागत नाही. ती कोरडा उन्हाळा मागते. नोव्हेंबर ते मे तिला जमिनीत पडून राहू द्यावं, एवढंच.

मी आता माहेरच्या बांधावर ती लावते. कंद नांगराच्या आकाराचा, दोन बाहूंचा, आणि कोंब बाहूच्या टोकाला असतो. टोक दुखावलं तर तो बाहू फुटत नाही. म्हणून कंद तळहातावर आडवा घ्यायचा, चार बोटं खोल आडवाच ठेवायचा आणि माती भुसभुशीत सोडायची. उताराची जमीन हवी. महाडला गांधारीच्या काठच्या सखल जागेत पाणी साचतं, तिथे कंद कुजतो. दर हंगामात जुना कंद आक्रसून संपतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. म्हणजे यंदा दिसलेली वेल पुढच्या वर्षी येईल ती सर्वस्वी यंदाच्या पानांच्या कमाईवर.

कळी खाली मान घालून असते. उमलली की पाकळ्या उलट्या वर वळतात, कडा लाटांसारख्या मुरडलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. मग पिवळं मागे हटत जातं आणि सगळं फूल लालभडक होतं. स्त्रीकेसर बुडापासूनच काटकोनात वळून बाहेर जातो, आपल्याच परागकणांपासून दूर. फुलपाखराचे पंख पुंकेसरांना घासतात आणि पराग दुसऱ्या फुलावर पोचतो. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे. तिथे करूर, दिंडिगलकडे बियांसाठी याची शेती होते आणि मजूर सकाळी हाताने परागण करतात. बियांतलं कोल्चिसिन संधिवाताच्या एका प्रकारावरचं जुनं औषध आहे.

तेच कोल्चिसिन जीवही घेतं. पेशींचं विभाजन थांबवतं. कंद रताळं किंवा करांदा समजून खाल्ला तर काही तासांनी उलट्या, जुलाब सुरू होतात आणि त्यावर हमखास उतारा नाही. श्रीलंकेत असे मृत्यू झालेले आहेत. आयुर्वेदाने कळलावीला, म्हणजे लांगलीला, उपविषांत घातलं ते उगाच नव्हे. सुईणी बाळंतपणात तिचा लेप लावायच्या हे मी ऐकलेलं आहे, पण कुणी तसलं काही करू नये असंच मी ठामपणे सांगेन. पोरांना मी फूल दाखवते, कंद दाखवत नाही.

कळलावी वईत टिकली, कारण वई कुणी उपटत नव्हतं. आता दगडी गडगे जाऊन सिमेंटच्या भिंती येतात. महामार्ग रुंद झाला तेव्हा कडेची करवंदीची जाळी गेली आणि तिच्या आधाराने चढणाऱ्या वेलीही गेल्या. मला त्याहून जास्त सलते ती गणपतीच्या तोंडावरची सफाई. चाकरमानी येणार म्हणून गावातल्या वाटांच्या कडा साफ कापल्या जातात, नेमक्या वेल फुलावर असताना. बी धरायचं राहून जातं आणि कंदही उपाशी राहतो. असं चार-पाच वर्षं झालं की त्या वाटेवर कळलावी दिसेनाशी होते. वळणावर समोरची गाडी दिसली पाहिजे, तिथे झाडोरा काढलाच पाहिजे. पण शाळेच्या मागची पाखाडी, देवळाकडची पायवाट, तिथे कसली घाई?

वाडीतल्या बायकांपुढे मी हे मांडलं. पोरींनी गौरीला फुलं देठातून खुडावीत, वेल ओढू नये, हे सगळ्यांना लगेच पटलं, कारण त्यांच्याही आज्या तसंच करायच्या. पाखाडीच्या वरच्या अंगाची कड दिवाळीनंतर कापायची, यावर जरा वादावादी झाली. सापाची भीती खरी आहे. शेवटी पायाखालची वाट आणि खालची कड गणपतीआधी, वरची कड पानं पिवळी पडल्यावर, असं ठरलंय. यंदा त्या कडेला बोंडं तडकून तीन फाकांत उघडली, आत शेंदरी बिया होत्या. हातमोजे घालून मी त्यातल्या काही काढल्या आणि देवळाकडच्या गडग्यात पेरल्या. बियांची रोपं फुलावर यायला काही वर्षं जातात, तोवर त्या गडग्यावर कोयता चालवू नये एवढं पुढच्या बैठकीत सांगायचं आहे.