रुसलेली स्कूटर

विसरवाडीहून नवापूरला कॉलेजात यायचे ते बाबांच्या जुन्या स्कूटरवर. सकाळी पहिल्याच किकला सुरू. पण धावून आली, दहा मिनिटे थांबली, की रुसलीच! मिस्त्रीकडे ढकलत न्यावे, तर तिथे शहाण्यासारखी सुरू. बाबा म्हणाले, "भंगारात देऊ." मग माझे कॉलेज?

परवा नवापूर स्थानकाबाहेर ती अडली. महाराष्ट्र-गुजरातची वेस या फलाटातूनच जाते. गाडीही अशीच अधांतरी! तिथेच प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. अर्ध्या तासाने, गार झाल्यावर, निळी लख्ख ठिणगी! दोष कॉइलचा होता. तापली की आतली तार दगा देई. कॉइल बदलली, स्कूटर वाचली.

दुखणे दुखत असतानाच पाहावे. माणसांचेही तसेच नाही का?