लखनौचा उन्हाळा आणि दारातले पिल्लू

लखनौच्या जुन्या चौकाला लागूनच नक्खास आहे. नक्खास म्हणजे मुळात जनावरांचा बाजार. नवाबांच्या या शहराला कबूतरबाजीचा शौक पूर्वीपासूनचा. आज गोमतीनगर, इंदिरानगरच्या घरांतून कुत्रा पाळण्याची हौस दिसते. मुले हट्ट धरतात आणि आईवडिलांपुढे प्रश्न पडतो : जातिवंत पिल्लू विकत घ्यावे की गल्लीतले अनाथ पिल्लू घरी आणावे?

उत्तर देण्यापूर्वी इथला उन्हाळा आठवावा. मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, दुपारभर लू वाहते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; धापा टाकूनच तो अंग निववतो. सायबेरियाच्या बर्फातला दाट केसांचा हस्की इथे कासावीस होतो. चपट्या नाकाच्या पगला तर धापा टाकणेही जड जाते. गल्लीतला आखूड केसांचा कुत्रा मात्र या हवेला पिढ्यान् पिढ्या सरावलेला असतो.

म्हणून जातिवंत कुत्रा वाईट असे नव्हे. याच राज्यातल्या रामपूरच्या नवाबांनी जोपासलेला रामपूर हाउंड अस्सल देशी आणि जातिवंत. 2005 साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. पण तो शिकारी, त्याला धावायला मैदान हवे. दोन खोल्यांत त्याचे हालच व्हायचे.

जातीवरून आकाराचा आणि स्वभावाचा अंदाज येतो, खात्री नाही. जुलै 2022 मध्ये कैसरबागेत घरच्याच पिटबुलने वृद्ध मालकिणीचा जीव घेतला, तेव्हा सारे शहर हादरले होते.

पिल्लू विकत घ्यायचेच तर त्याची आई पाहिल्याशिवाय घेऊ नका. 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. गल्लीतले आणलेत तर आधी डॉक्टरांना दाखवा, जंताचे औषध द्या, तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचा. मोठ्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसली तर त्याची नसबंदी झाली आहे असे समजावे. कुठलाही कुत्रा पाळा, नगर निगमचा परवाना काढावाच लागतो.

शेवटी प्रश्न जातीपेक्षा आपल्या सवडीचा आहे. कुत्रा दहा-बारा वर्षांचा सोबती. लखनौची ‘पहले आप’ची अदब मोठी गोड, पण पहाटे साखळी हाती घ्यायच्या वेळी घरात ‘पहले आप’ सुरू होणार असेल, तर कुठलेच पिल्लू आणू नये.