कावेची भिंत

तारिहाळ म्हटले की हुबळीकरांच्या डोळ्यांपुढे औद्योगिक वसाहत उभी राहते. देवळाच्या भिंतींची आठवण कोणास होणार? तथापि गेल्या पावसाळ्यात आमच्या येथील बिऱ्हाडी रात्री देवळाच्या भिंतीच रंगत होत्या, त्याही संगणकाच्या पडद्यावर. आमचा भाचा दिवसा यंत्राच्या सुट्या भागांच्या त्रिमितीय आकृत्या करतो. रात्री तो आमच्या मूळ गावच्या देवळाचा सभामंडप उभारीत होता.

घाटाखालच्या त्या देवळाच्या भिंतींवर कावी चित्रे होती. जीर्णोद्धार झाला आणि त्यांवर गुळगुळीत फरशा बसल्या. गोव्यापासून कानडा किनाऱ्यापर्यंत ही कला देवळांनीच पोसली. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर द्यावयाचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा चुना उघडा करावयाचा. येथे चित्र रंग लावून होत नाही, रंग काढून होते. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत (१९३४-२००२) यांनी छायाचित्रे घेऊन आणि लिहून या कलेची नोंद ठेवली. आमच्या देवळाच्या वाट्याला तेवढे भाग्य आले नाही. आमच्यापाशी उरली ती घरच्या लग्नामुंजींत काढलेली छायाचित्रे.

संगणकातील वस्तू रंगवितात ती रीत मोठी मौजेची आहे. आकाशकंदील शिवणीवर उसवून त्याचा कागद सपाट पसरावा, त्यावर चित्र काढावे आणि कंदील पुन्हा जोडावा, तसेच हे. वक्र पृष्ठभागावर चित्र चढविण्याची ही कल्पना एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठाच्या आपल्या प्रबंधात मांडली. भाचा वापरतो ते ब्लेंडर २००२ सालापासून सर्वांस मुक्त झालेले आहे. या कामात लहानसहान अडचणी पुष्कळ. कुंचला फिरवावा तर रंग दिसतच नाही. तेव्हा चित्राचा कागद त्या वस्तूस जोडलेलाच नसतो. शिवणीवर पांढऱ्या रेघा दिसतात. तेव्हा रंग कडेबाहेर थोडा वाहू द्यावा लागतो. आणि आकृती जतन केली तरी चित्र निराळे जतन करावे लागते, हे तर पाठच करावे.

खरी अडचण निराळी होती. उत्तरेच्या भिंतीवर मारुती पुरा झाला, त्या रात्री आमच्या ऐंशीच्या घरातील मावशींस पडद्यापुढे बसविले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हें आमगेलें न्हयं.” दक्षिणेच्या भिंतीवरही मारुतीच उभा होता, आणि गदा डाव्या हाती! मावशींच्या आठवणीत तेथे गजेंद्रमोक्ष होता.

भाच्याने प्रथम कुंचल्याची सममिती बंद करून पाहिली. ती चालू असली की एका बाजूचा फटकारा दुसऱ्या बाजूसही उमटतो. एक लहानसा ठिपका दिला. तो पलीकडेही उमटलाच. म्हणजे दोष कुंचल्यात नव्हता, कागदात होता. अशा कामातील रिवाजाप्रमाणे त्याने अर्धा मंडप बांधून उरलेला आरशाप्रमाणे उलटवून घेतला होता. त्यामुळे दोन्ही भिंती पसरलेल्या कागदावर एकाच जागी, एकीवर एक, पडल्या होत्या. दक्षिणेस गजेंद्रमोक्ष काढला असता तर उत्तरेचा मारुती पुसला गेला असता. आरशाचा अर्धा भाग त्याने कायम करून घेतला, दक्षिणेच्या भिंतीचा तुकडा उचलून कागदाच्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवला, आणि भिंत कोरी झाली.

आता तीवर काय काढावे? गजेंद्रमोक्षाचे आमच्यापाशी एकच छायाचित्र. त्यात सोंड आणि कमळ दिसते, उरलेले वऱ्हाडी मंडळींच्या फेट्यांआड गेलेले. दुसऱ्या एखाद्या देवळातील गरुडारूढ विष्णू आणून बसविणे भाच्यास एका रात्रीचे काम होते, आणि पाहणाऱ्यांस ते आवडलेही असते. आम्ही ते करू दिले नाही. ज्या कारागिराची रेघ आम्हांस ठाऊक नाही, ती त्याच्या नावावर ओढण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? मावशींस विचारले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून गरुडाचे तोंड उजवीकडे होते एवढे सांगितले. पंखांविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

सोंड आणि कमळ तेवढे काढले आहे. बाकीच्या भिंतीस भाच्याने नुसता कावेचा तांबडा थर दिला आहे, न खरवडलेला. गावच्या कोणाच्या पेटीत दुसरे छायाचित्र असेल, तर ते पाहावयास मिळावे, म्हणून तेवढी जागा राखून ठेवली आहे.